संगणक, स्पर्श आणि पोत

शेतीचा जाणकार नव्या शेतात पाऊल टाकतो, तेव्हा तो प्रथम चिमूटभर माती उचलतो. तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ती चोळून पाहतो. कण खरखरीत लागले तर मातीत वाळू अधिक. पिठासारखी मऊ लागली तर गाळाचे कण अधिक. आणि बोटांना चिकटून तिची पट्टी निघू लागली तर चिकणमाती अधिक. प्रयोगशाळेतील पृथक्करणाची जागा ही परीक्षा घेऊ शकत नाही हे खरे. तथापि शेताच्या बांधावर उभे राहून क्षणार्धात मिळणारे हे ज्ञान काही कमी मोलाचे नाही. कापडाच्या दुकानात पातळाचा पदर चिमटीत चोळून पाहणारी गृहिणी, रंधा मारल्यावर फळीवरून तळहात फिरवणारा सुतार, दळण बारीक आले की जाडसर हे दोन बोटांनी ठरवणारा गिरणीवाला हे सर्व एकाच प्रकारची परीक्षा घेत असतात. मराठी भाषेने या सर्वांसाठी एक नेमका शब्द दिला आहे : पोत. जमिनीचा पोत आणि कापडाचा पोत.

हा पोत संगणकाच्या साहाय्याने हाताला जाणवून देता येईल काय, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. संगणक चित्र दाखवतो, आवाज ऐकवतो. परंतु पडद्यावर गोणपाटाचे चित्र असो वा रेशमाचे, बोटाला लागते ती काचच. गेली अनेक दशके जगातील काही शास्त्रज्ञ या उणिवेवर उपाय शोधत आहेत. त्यांचे प्रयत्न कुतूहलाचे आहेतच. शिवाय त्यांतून शासकीय कचेरी, शाळा आणि ग्रामपंचायत यांना घेण्याजोगा एक धडाही आहे.

हलणाऱ्या हाताचे ज्ञान

वर दिलेल्या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाचे बोट हलते. कापडावर बोट नुसते टेकवून ठेवले, तर ते गार आहे की उबदार, मऊ आहे की कडक, एवढे कळते. पण त्याची बारीक वीण कळत नाही. बोट सरकू लागताच ती बोलू लागते. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी १९२५ साली स्पर्शसृष्टीवरील आपल्या ग्रंथात या गोष्टीचा सविस्तर विचार केला. ठळक उंचवटे त्वचेला त्यांच्या मांडणीवरून कळतात. परंतु अतिसूक्ष्म पोत कळतो तो हालचालीमुळे निर्माण होणाऱ्या कंपनांवरून, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. हातातील कांडीने पृष्ठभाग घासला तरी तो खरखरीत आहे की गुळगुळीत, हे मनुष्य सांगू शकतो, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या अंध व्यक्तीला हे सांगावे लागत नाही. डांबरी रस्ता संपून मुरूम लागला, हे तिला काठीच्या टोकाकडून मुठीपर्यंत आलेल्या कंपनांवरूनच समजते.

पुढील संशोधनाने या निरीक्षणाला शरीरशास्त्राचा आधार दिला. मनुष्याच्या हाताच्या तळव्याकडील त्वचेत स्पर्श टिपणाऱ्या सुमारे १७,००० चेतातंतूंचे जाळे असते, असा अंदाज स्वीडनमधील संशोधकांनी १९७९ साली मांडला. त्यांपैकी काही दाबाला प्रतिसाद देतात, काही त्वचेच्या ताणाला, काही मंद कंपनांना, तर काही सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणाऱ्या जलद कंपनांना. त्वचेवरील दाबाचे विद्युत्-संदेशात रूपांतर करणारे प्रथिन शोधून काढल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना, आणि उष्णतेचे ज्ञान करून देणाऱ्या प्रथिनाच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. बोटाची सूक्ष्मता किती असावी? २०१३ साली स्वीडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की सरकते बोट अवघ्या १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि निखळ सपाट पृष्ठभाग यांतील भेद ओळखू शकते. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय.

सारांश, पोत हा वस्तूच्या अंगी असलेला, पण हाताने प्रश्न विचारल्यावरच प्रकट होणारा गुण आहे. हाताची हालचाल हा प्रश्न. त्वचेला मिळणारा अडथळा आणि कंप हे त्याचे उत्तर. ही गोष्ट एकदा ध्यानात आली, की संगणकाला येथे शिरकाव कसा मिळाला हे सहज कळते. माउस, जॉयस्टिक, स्पर्शाने चालणारा पडदा ही सारी साधने मुळात हाताची हालचाल संगणकाला कळवण्यासाठीच निर्माण झाली. म्हणजे हाताचा प्रश्न यंत्रापर्यंत पोहोचतच होता. उणीव होती ती उत्तराची.

यांत्रिक बाहूपासून सँडपेपरपर्यंत

या उत्तराचा आरंभ अणुसंशोधनात झाला. किरणोत्सर्गी द्रव्ये हाताने हाताळणे धोक्याचे. म्हणून अमेरिकेतील शिकागोजवळील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दूरनियंत्रित यांत्रिक बाहू तयार केले. जाड भिंतीच्या अलीकडे माणसाने मूठ हलवावी आणि पलीकडे यंत्राच्या बाहूने तीच हालचाल करावी, अशी ही योजना होती. पुढे १९५० च्या दशकात विजेच्या मोटरींवर चालणारे बाहू आले आणि पलीकडे लागलेला अडथळा अलीकडच्या हाताला जाणवू लागला.

पलीकडे खरी वस्तू असण्याऐवजी केवळ संगणकातील गणित असेल तर? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील प्राध्यापक फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६७ साली याच कल्पनेवर काम सुरू केले. यांत्रिक बाहू संगणकाला जोडून रेणूंमधील आकर्षण आणि प्रतिकर्षण रसायनशास्त्रज्ञाच्या हाताला जाणवून द्यावे, हा त्यांचा हेतू होता. त्या काळच्या संगणकांची गती इतकी अपुरी होती, की या उद्दिष्टाला सुमारे दोन दशके लागली.

पोताच्या प्रश्नाला नेमका हात घातला तो मार्गारेट मिन्स्की यांनी. ब्रुक्स आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९९० साली एक प्रबंध प्रसिद्ध केला आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९९५ साली त्याच विषयावर डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रणालीचे नावच 'सँडपेपर', म्हणजे आपल्याकडील सुताराचा पॉलिश कागद, असे होते. उपकरण साधे दिसणारे होते. टेबलावर एक जॉयस्टिक. ती पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलणारी. तिला जोडलेल्या मोटरी. पडद्यावर निरनिराळ्या पृष्ठभागांचे तुकडे दिसत, आणि वापरणारा मनुष्य जॉयस्टिक हलवून त्यांवरून जणू हात फिरवत असे.

यातील युक्ती बैलगाडीच्या उदाहरणाने समजेल. गाडी उंचवट्यावर चढू लागली, की मागे ओढल्यासारखी जड होते. माथा ओलांडून उतरणीला लागली, की आपोआप पुढे धावते. गाडीवानाने डोळे मिटले तरी चढ कोठे आणि उतार कोठे, हे त्याला कळते. सँडपेपर प्रणालीत संगणक पृष्ठभागाच्या उंचसखलपणाचा नकाशा स्मृतीत बाळगतो. जॉयस्टिक चढाच्या बाजूने सरकू लागली, की मोटर तिला उलट दिशेने रेटते; उताराच्या बाजूने सरकली, की पुढे ढकलते. वस्तुतः हात एका केसाएवढाही वर जात नाही. तो केवळ आडवा हलत असतो. तरीही मनाला निःसंशय वाटते, की हात उंचवट्यावरून गेला. हेच उंचवटे अगदी लहान आणि दाट केले, की त्यांची गणती संपते आणि उरतो तो खरखरीतपणा. मिन्स्की यांच्या प्रयोगांतून असेही निष्पन्न झाले, की वापरणाऱ्याला पृष्ठभाग किती खरखरीत वाटेल, हे मुख्यतः आडव्या रेट्याचा कमाल जोर किती यावर अवलंबून असते.

यात अडचण वेगाची. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे दाखवली तरी डोळ्याला अखंड हालचाल दिसते. हात मात्र डोळ्यापेक्षा चोखंदळ आहे. पोत खरा वाटावा, यासाठी संगणकाला सेकंदाला सुमारे १,००० वेळा हाताची जागा मोजून, जोराचा हिशेब करून मोटरीला आज्ञा द्यावी लागते. हा हिशेब मंदावला, की कठीण पृष्ठभाग लिबलिबीत वाटू लागतो किंवा दांडा हातात थरथरू लागतो.

मनाची साक्ष

हाताला आडवा जोर आणि उभी उंची यांत गल्लत होते, यावर आणखी एका प्रयोगाने शिक्कामोर्तब केले. गॅब्रिएल रोब्लेस-दे-ला-तोरे आणि कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे व्हिन्सेंट हेवर्ड यांनी २००१ साली 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. बोट प्रत्यक्ष उंचवट्यावरून जात असताना यंत्राने त्यावर खळग्याचे आडवे जोर लावले. बोट खरोखर वर चढत होते. तरीही लोकांना खळगा जाणवला. भूमितीवर जोराने मात केली.

फ्रान्समधील अनातोल लेक्युए आणि त्यांचे सहकारी याच्याही पुढे गेले. त्यांनी मोटरच काढून टाकली. त्यांच्या २००४ सालच्या प्रयोगात साधा, कचेरीत वापरतात तसाच माउस होता. पडद्यावर एक वर्तुळ रेखाटलेले. त्यावरून कर्सर नेताना चढाच्या जागी तो मंदावे आणि उताराच्या जागी वेगाने सुटे. हात एकाच गतीने चाललेला असताना डोळ्यांपुढील कर्सर अडखळला, की माणसाला तो अडखळा आपल्या हातात जाणवल्यासारखा वाटतो. प्रयोगातील लोकांनी कोठे उंचवटा आणि कोठे खळगा, हे ओळखले. येथे स्पर्शाचे उत्तर देण्याचे काम डोळ्यांनी केले. अर्थात ज्याला पडदा दिसत नाही, त्याला या युक्तीचा काडीइतका उपयोग नाही, हेही येथेच नमूद केले पाहिजे.

काचेवरील घर्षण

आज बहुसंख्य लोकांच्या हातात माउस नसून मोबाइल फोन आहे, आणि त्याचा पृष्ठभाग काचेचा आहे. या काचेला पोत देण्याचे दोन मार्ग पुढे आले आहेत.

पहिला मार्ग विजेचा. मॅलिनक्रॉट, ह्यूजेस आणि स्लीटर या तीन अमेरिकी संशोधकांनी १९५३ साली 'सायन्स' नियतकालिकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. दिव्याच्या पितळी होल्डरवरून बोट फिरवताना दिवा चालू असेल तर पितळ वेगळेच, खरखरीत लागे. दिवा बंद असेल तर गुळगुळीत. अर्थिंग नीट नसलेल्या फ्रिजच्या पत्र्यावरून कोरडे बोट सरकताना येणारी चमत्कारिक खरखर हा याच प्रकार होय. अशी खरखर आढळल्यास तिची मौज न पाहता वायरमनला बोलवावे, हे सांगणे न लगे. धातूवरील पातळ विद्युत्-रोधक थर ओलांडून प्रत्यावर्ती विद्युत्-दाब बोटाला क्षणोक्षणी ओढतो आणि सोडतो. त्यामुळे सरकत्या बोटाचे घर्षण कमीजास्त होते. २०१० साली डिस्ने कंपनीच्या संशोधन शाखेने याच तत्त्वावर 'टेस्लाटच' नावाचा स्पर्शपडदा तयार केला. बोट पडद्याच्या ज्या भागावर असेल, त्या चित्रानुसार घर्षण बदलते. येथेही अट तीच : बोट हलले पाहिजे. स्थिर बोटाला काहीही जाणवत नाही.

दुसरा मार्ग ध्वनीचा. काच कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला २०,००० हून अधिक वेगाच्या कंपनांनी थरथरवली, तर बोट आणि काच यांमध्ये हवेची पातळ गादी तयार होते आणि काच निसरडी लागते. जपानमधील वातानाबे आणि फुकुई यांनी १९९५ साली ही पद्धत मांडली. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २००७ साली तिच्यावर आधारलेली स्पर्शफळी तयार झाली. पहिल्या मार्गाने घर्षण वाढते, दुसऱ्याने घटते. दोहोंचा हेतू एकच.

या संशोधनातील काही अंश बाजारातही उतरला आहे. २०१५ पासून काही लॅपटॉपांवरील स्पर्शफलक दाबला असता 'कट्' अशी कळ दाबल्याची जाणीव होते. वस्तुतः फलक खाली जातच नाही, आतील विद्युत्-चुंबक त्याला किंचित आडवा हिसका देतो. लॅपटॉप बंद असताना तोच फलक निर्जीव फरशीसारखा लागतो. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ या खेळयंत्राच्या नियंत्रकात खेळातील पात्र वाळूवरून चालले तर एक कंप आणि बर्फावरून चालले तर दुसरा कंप, अशी योजना आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील कॅथरीन कुकेनबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली तर १०० पोतांचा एक संग्रहच प्रसिद्ध केला. कागद, कापड, लाकूड, दगड, धातू अशा खऱ्या पृष्ठभागांवरून संवेदक बसवलेली लेखणी फिरवून त्यांची कंपने नोंदली आणि ती पुन्हा निर्माण करणारी गणिते कोणालाही वापरता येतील अशी खुली केली. ध्वनिमुद्रण असते, तसे हे स्पर्शमुद्रण होय.

या कार्यात महाराष्ट्राचाही भाग आहे. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक सुभासिस चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांस्कृतिक वारशातील वस्तूंची त्रिमिती प्रतिरूपे संगणकात उतरवून ती जोर-प्रतिसाद देणाऱ्या उपकरणाद्वारे हाताला जाणवतील अशी व्यवस्था केली. त्यासंबंधीचा प्रबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. वस्तू लहान असो वा मोठी, तिच्या शिल्पाचा अनुभव दिव्यांग व्यक्तींना हाताने घेता यावा, हा त्यामागील स्पष्ट उद्देश होता.

ऑप्टॅकॉनचा धडा

दृष्टिहीनांसाठी स्पर्शयंत्र निर्माण करण्याचा विचार मात्र याहून जुना आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची कन्या बालपणापासून अंध होती. तिला कोणतेही छापील पुस्तक, ब्रेल लिपीत रूपांतर होण्याची वाट न पाहता वाचता यावे, या तळमळीने त्यांनी जेम्स ब्लिस यांच्यासह 'ऑप्टॅकॉन' नावाचे यंत्र सिद्ध केले. उजव्या हातातील छोटा कॅमेरा ओळीवरून फिरवायचा. डावी तर्जनी १४४ सूक्ष्म टाचण्यांच्या जाळीवर ठेवायची. कॅमेऱ्याला अक्षराचा जो आकार दिसेल, त्या आकाराच्या टाचण्या थरथरत. १९७१ पासून हे यंत्र विक्रीस आले. शिकायला कठीण आणि महाग असूनही अनेक देशांतील हजारो अंध व्यक्तींनी ते आत्मसात केले. आपली टपाले, बिले आणि पुस्तके दुसऱ्याच्या मदतीवाचून वाचली.

१९९६ साली त्याचे उत्पादन थांबले. छापील अक्षर ओळखून मोठ्याने वाचून दाखवणारे संगणक तोवर स्वस्त होत चालले होते. परंतु आवाज आणि स्पर्श यांत फरक आहे. आवाज मजकूर सांगतो. पानाची मांडणी, आकृती, तक्त्यातील रकाने, अक्षराचे वळण बोटाखाली आणून देत नाही. ज्यांनी या यंत्रावर आपले वाचन उभे केले होते, ते पुढे सुट्या भागांच्या शोधात राहिले. एखादी सोय केवळ एकाच दुर्मिळ यंत्रावर अवलंबून ठेवली, तर ते यंत्र नाहीसे होताच सोयही नाहीशी होते, हा या कथेचा अर्थ आहे.

नव्या स्पर्शसाधनांचे मूल्यमापन करतानाही हाच सावधपणा हवा. आजची बहुतेक साधने एका वेळी एका टोकाची किंवा संपूर्ण बोटाची एकच जाणीव देतात. ब्रेलचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटर उंचीचा. असे सहा ठिपके एकाच बोटाखाली, प्रत्येक आपल्या जागी, स्वतंत्रपणे जाणवले तरच अक्षर होते. घर्षण बदलणाऱ्या काचेला हे अद्याप साधलेले नाही. मऊपणा, ओलावा, धातूचा थंडावा हे गुण तर आणखी दूर आहेत. माती चोळून पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दोन बोटांची बरोबरी करील असे यंत्र आज कोठेही नाही.

खरा उंचवटा

श्रोतेहो, पोत निर्माण करण्याचा प्रयत्न प्रयोगशाळेत चालू असताना समाजात मात्र उलट क्रिया घडत आहे. ज्या यंत्रांना खरोखरीचा पोत होता, ती सपाट होत आहेत. कळांची जागा काच घेते आहे. रुग्णालयात क्रमांक घेण्याचे यंत्र, स्थानकावरील तिकिटाचे यंत्र, लिफ्टची बटणे, दुकानात कार्ड वापरल्यावर गुप्त क्रमांक टिपण्याचा पडदा ही नित्याची उदाहरणे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या दिव्यांग व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक होती. त्यांच्यापैकी अनेक जण स्वतःचा मोबाइल फोन बोलत्या पडद्याच्या साहाय्याने उत्तम वापरतात. परंतु सार्वजनिक जागेतील मुक्या, सपाट यंत्रापुढे तीच व्यक्ती परस्वाधीन होते, आणि आपला गुप्त क्रमांक मागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगण्याची पाळी तिच्यावर येते. हातातून पोत काढून घेणे म्हणजे काही नागरिकांच्या हातातून व्यवहार काढून घेणे होय.

वास्तविक योग्य मार्ग दाखवणारी उदाहरणे नित्याच्या परिचयाची आहेत. प्रत्येक पंचायत सदस्याने पाहिलेल्या मतदानयंत्रावर उमेदवारांच्या बटणांलगत ब्रेल अंक असतात. त्यामुळे अंध मतदार आपले मत स्वतःच्या बोटाने आणि गुप्तपणे देऊ शकतो. १ जुलै २०१४ पासून बसवल्या जाणाऱ्या सर्व नव्या एटीएम यंत्रांना बोलण्याची सोय आणि ब्रेल कळफलक असावा, असा निर्देश रिझर्व्ह बँकेने दिला. १०० रुपयांच्या नोटेवर त्रिकोणाची, तर ५०० रुपयांच्या नोटेवर वर्तुळाची उठावदार खूण असते. नोट हातोहात फिरून झिजली की हा उठाव बसतो, आणि मग हात चाचपडतो. याचा अर्थ तो उठाव किती कामाचा होता एवढाच. फोनच्या कळांवरील ५ या अंकावर एक बारीक टिंब असते. कचेरीतील संगणकाच्या कळफलकावर 'एफ' आणि 'जे' या कळांवर एकेक सूक्ष्म रेघ उमटवलेली असते. मराठी टंकलेखन करणाऱ्यांची बोटेही तिच्यावरच विसावतात आणि तेथूनच पुढे निघतात. ती रेघ डोळस माणसांसाठीही आहे. कारण कागदावर नजर ठेवून टंकलेखन करणारा प्रत्येक जण त्या वेळेपुरता हातानेच पाहत असतो.

कायद्यानेही दिशा स्पष्ट केली आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम ४२ अन्वये नित्य वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सार्वत्रिक रचनेनुसार, म्हणजे सर्वांना वापरता येतील अशा घडणीची, उपलब्ध करून देण्यासाठी शासनाने उपाय योजावयाचे आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना गाठता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले.

म्हणून ज्यांच्या सहीने यंत्रे विकत घेतली जातात, त्या अधिकाऱ्यांनी खरेदीपूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. यंत्रापुढे उभे राहून डोळे मिटावेत आणि ते चालवून पाहावे. बोटाला खूण लागते काय? खूण नसेल तर यंत्र बोलते काय? दोन्ही नसेल, तर ते यंत्र सर्व नागरिकांसाठी घेतलेले नाही, असे समजावे. ग्रामपंचायतीच्या कचेरीत सेवायंत्र बसवताना त्याला कळांची जोड मागावी, आणि निर्णयापूर्वी गावातील एखाद्या अंध व्यक्तीला बोलावून तिचे मत घ्यावे. शिक्षकांनी भूगोलाचा नकाशा केवळ पडद्यावर दाखवून न थांबता सुतळी, वाळू, पॉलिश कागद आणि पुठ्ठा यांनी उठावाचा एक नकाशा मुलांकडून करून घ्यावा. नदीसाठी सुतळी, वाळवंटासाठी वाळू, डोंगरासाठी पुठ्ठ्याचे थर. वर्गात दृष्टिहीन मूल असेल तर त्याला नकाशा मिळेल. नसेल तरी इतर मुलांना आपल्या बोटांची ओळख होईल.

संगणकाने निर्माण केलेला पोत उद्या अधिक सरस होईल, यात शंका नाही. मिन्स्की यांच्या जॉयस्टिकपासून आजच्या थरथरत्या काचेपर्यंतचा प्रवास तशी आशा बाळगण्यास पुरेसा आहे, आणि तो दिवस येईल तेव्हा त्याचे स्वागतच करावे. परंतु त्या दिवसाच्या भरवशावर आज हाताशी असलेला खरा उंचवटा घासून टाकू नये. लुई ब्रेल यांनी १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, कागदावर टोचलेल्या ठिपक्यांतून आपल्या लिपीची घडण केली. तिला वीज लागली नाही, मोटर लागली नाही. सहा ठिपके आणि हलणारे एक बोट एवढ्यावर ती आज दोनशे वर्षे उभी आहे.